वडिलांच्या गॅरेजातली लष्करी उपकरणे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी लेस्टर येथे राहते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, १९६४ साली मुंबईहून इंग्लंडला आले. लालबागच्या एका कापडगिरणीच्या वीजखात्यात ते वायरमन होते. इथे आल्यावर त्यांना एका होजिअरी कारखान्यात रात्रपाळीला इलेक्ट्रिशियनचा ‘मेट’, म्हणजे मदतनीस, म्हणून काम मिळाले. पुढे त्याच कारखान्यात ते देखभालीचे इलेक्ट्रिशियन झाले आणि सत्तरच्या दशकात एका ठेकेदाराकडे गेले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शनिवार-रविवारी ते ओळखीच्यांच्या घरांचे वायरिंग करीत आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करीत.

गेल्या वर्षी दादा गेले. गॅरेज आवरताना पुढील वस्तू सापडल्या : बाणाची खूण असलेले एक काळे ‘एव्हो ८’ मीटर, हाताने फिरवायच्या दांड्याचा मेगर, ‘बीसी-२२१’ असे लिहिलेली एक जड पेटी, तिच्यासोबत आकड्यांच्या तक्त्यांचे पुस्तक आणि दादांनी स्वतः बनवलेला पॉवर सप्लाय, ‘सीटी १६०’ नावाची, सुटकेससारखी उघडणारी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) तपासण्याची पेटी, आणि विमानातल्यासारख्या लहान गोल डायलांचा एक खोका. शिवाय त्यांच्या हस्ताक्षरातली मराठी वही आहे. तिच्यात तारखा नाहीत. ‘२०० ड्रॉ. — पाव भाग खाली’ अशा ओळी पानोपानी आहेत आणि शेवटाकडे ‘ड्रॉ. आता १९८’ असे लिहिले आहे. माझ्या भावाला हे सारे विकून टाकावेसे वाटते. ही उपकरणे नेमकी कशाची, ती चालू करून पाहावीत का, विकावीत की ठेवावीत, आणि दादांच्या कामाबद्दल त्यांतून काही कळू शकेल का? आईला यातले काही ठाऊक नाही. ‘ते त्यांचे रेडिओचे वेड’ एवढेच ती म्हणते.

उत्तर : आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतील, पण क्रम थोडा बदलतो, कारण चालू करण्याचा प्रश्न सर्वांत आधी निकालात काढला पाहिजे. यांतले कोणतेही उपकरण कृपया प्लगला लावू नका. ‘वडील जाईपर्यंत तर चालत होते’ हा अशा बाबतीत भरवशाचा पुरावा नव्हे. व्हॉल्व्हच्या काळातले कागदी कपॅसिटर वर्षानुवर्षे दमट जागी पडून राहिले की गळू लागतात आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात. सेलेनियमचा रेक्टिफायर जळाला, तर कुजकट वासाचा विषारी धूर निघतो. व्हॉल्व्ह टेस्टरच्या आत काही शे व्होल्टचा दाब तयार होतो. घरी बनवलेला पॉवर सप्लाय सर्वांत जोखमीचा, कारण त्याचा आराखडा बनवणाऱ्याच्या डोक्यात होता. मात्र तो न जोडता नुसता पाहा. त्याच्या वायरीतल्या तीन तारा लाल, काळ्या आणि हिरव्या असतील, तर ती वायर जुन्या पद्धतीची आहे. ब्रिटनमध्ये उपकरणांच्या लवचिक वायरींचे रंग १९७०च्या सुमारास तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असे बदलले. म्हणजे बीसी-२२१ची पेटी त्यांनी येऊन पाच-सहा वर्षे होण्याच्या आत घेतली की नंतर, याचा बऱ्यापैकी अंदाज एका वायरीवरून बांधता येईल.

दुसरी सावधगिरी त्या गोल डायलांबद्दल. युद्धकाळातल्या विमानांच्या आणि वाहनांच्या डायलांवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने रंगवीत. आज ते आकडे पिवळट-तपकिरी दिसतात आणि चमकत नाहीत, म्हणून लोक ते निर्धोक समजतात. खरे तर चमक गेली ती रंगातला झिंक सल्फाइड निकामी झाला म्हणून. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने दुसरे महायुद्ध कालचेच आहे. डायल उघडू नका, रंग खरवडू नका, काच फुटलेला डायल असेल तर तो पिशवीत बंद करा, हात धुवा, खोका मुलांपासून दूर ठेवा आणि घरच्या कचऱ्यात अजिबात टाकू नका. विल्हेवाटीसाठी आपल्या नगरपरिषदेला विचारा. भावाने विकायला काढायचेच असेल, तर हा खोका त्यातून वगळावा.

आता एकेका वस्तूकडे वळू. बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा ‘ब्रॉड अ‍ॅरो’. बाणाच्या दोन बाजूंना ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ असतील, तर ते वॉर डिपार्टमेंटचे. मुकुट आणि ‘एएम’ असेल, तर हवाई मंत्रालयाचे. ‘एपी’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर नौदलाचे. ‘६६२५-९९’ने सुरू होणारा लांब क्रमांक आढळला, तर तो नाटोचा साठाक्रमांक होय : ६६२५ हा विद्युत मोजणीच्या उपकरणांचा वर्ग आणि ९९ हा ब्रिटनचा. असा क्रमांक युद्धकाळातल्या वस्तूवर मूळचा असूच शकत नाही, त्यामुळे तोही काळ ठरवायला उपयोगी पडतो. सरकारी खूण दिसली म्हणून दादांनी ती वस्तू कुठून पळवली असेल अशी शंका मात्र मनात आणू नका. युद्ध संपल्यावर अशा मालाचे डोंगर लिलावात निघाले आणि पुढची काही दशके तो दुकानांतून उघड विकला गेला. लंडनच्या सोहो भागातली लाइल स्ट्रीट त्यासाठी प्रसिद्ध होती. ‘प्रॅक्टिकल वायरलेस’सारख्या मासिकांत त्याच्या जाहिरातींची पानेच्या पाने असत आणि माल टपालाने घरी येई. रडारमधली ‘व्हीसीआर ९७’ ही नळी घेऊन लोकांनी घरच्या घरी टीव्ही बनवले होते, ज्यांत चित्र हिरवे दिसे. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला ही दुनिया परकी वाटली नसणार.

‘एव्हो ८’, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारे मीटर, १९५१ साली बाजारात आले आणि सुधारत-सुधारत २००८पर्यंत बनत राहिले. एका मोजणी उपकरणाला इतके आयुष्य क्वचितच लाभते. एसीसाठी एक आणि डीसीसाठी एक अशी दोन मोठी बटणे, काट्याखाली आरसा (काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की डोळा सरळ रेषेत आहे हे कळते) आणि चुकीच्या जोडणीने जादा प्रवाह गेला की ‘टक्’ करून वर उडणारे कटआउटचे बटण, ही त्याची ओळख. डीसी व्होल्ट मोजताना ते दर व्होल्टला २०,००० ओहमचा रोध देते, म्हणून ज्या रेडिओचा दाब मोजायचा त्याच्यावर मीटरचाच फारसा भार पडत नाही. कारखान्यातल्या मोटारीच्या फ्यूजपासून रेडिओच्या व्हॉल्व्हपर्यंत दोन्हीकडे चालणारे हे मीटर होते, आणि आपल्या वडिलांच्या आयुष्याच्याही त्याच दोन बाजू होत्या.

मेगरबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तो गॅरेजातला सर्वांत कमी किमतीचा आणि पोटापाण्याच्या दृष्टीने बहुधा सर्वांत महत्त्वाचा जिन्नस आहे. दांडा फिरवला की आतला लहानसा जनरेटर साधारणतः ५०० व्होल्ट तयार करतो आणि तारेवरचे आवरण तो दाब सहन करते की नाही हे काटा सांगतो. या काट्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, म्हणून ठेवलेल्या मेगरचा काटा कुठेही थांबलेला दिसतो. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. (दांडा फिरवून पाहायचा मोह झाला, तर दोन्ही टोके हातात धरू नका.) साठच्या दशकात स्थलांतरित कुटुंबांनी जी स्वस्त, जुनी, ओळीतली घरे घेतली, त्यांतल्या पुष्कळशा घरांत रबरी आवरणाच्या तारा होत्या. ते रबर वाळून तडकते आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. अशा घरात मेगर लावला की काटा हव्या त्या १ मेगओहमच्या जवळपासही जात नाही, आणि मग सगळे वायरिंग उपसून पीव्हीसीच्या तारा घालण्यावाचून गत्यंतर नसते. शनिवार-रविवारची कामे म्हणजे मुख्यतः हीच असणार. मेगरच्या दांड्याची मूठ गुळगुळीत झाली असेल आणि चामड्याच्या पट्ट्याची भोके ओढली गेली असतील, तर तो फडताळात पडून नव्हता एवढे निश्चित समजा.

हे काम दादांना इथे येऊन नव्याने शिकावे लागले असेल का? काही अंशी होय. तारांचे रंग आपल्याकडचे आणि तिकडचे तेव्हा सारखेच होते, कारण आपण ते ब्रिटिशांकडूनच घेतले होते. परंतु ब्रिटनमध्ये १९४७पासून चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आणि त्याच्या जोडीने ‘रिंग’ सर्किट रूढ होत गेले. या रिंगमध्ये बोर्डावरून निघालेली तार सगळ्या सॉकेटांना फिरून पुन्हा बोर्डावर येते. आपल्याकडे गोल पिनांचे सॉकेट आणि एकाच दिशेने जाणारी तार. रिंगमधली एखादी जोडणी सुटली तरी सगळे सॉकेट चालूच राहतात. फक्त भार एकाच बाजूच्या तारेवर पडून ती तापू लागते, आणि घरमालकाला काही कळत नाही. म्हणून रिंगची दोन्ही टोके बोर्डावर सोडवून ती अखंड आहे ना हे मीटरने पाहावे लागते. लालबागेतून आलेल्या निष्णात वायरमनलाही हे कुणीतरी दाखवल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते.

पण मदतनीस म्हणून नेमणूक होण्याचे कारण एवढेच होते असे म्हणता येत नाही. १ जुलै १९६२पासून राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये कामासाठी येण्यास कामगार मंत्रालयाचे व्हाउचर लागू लागले. त्याचे तीन वर्ग होते : ‘ए’ म्हणजे ठरलेली नोकरी हाती असलेले, ‘बी’ म्हणजे उपयुक्त कौशल्य असलेले आणि ‘सी’ म्हणजे बाकीचे. १९६५मध्ये ‘सी’ वर्ग बंदच झाला. आपल्या वडिलांचे व्हाउचर किंवा त्यासंबंधीचे पत्र सापडले, तर त्यावरचे अक्षर जरूर पाहा. ते ‘बी’ असेल, तर त्यांचे कौशल्य प्रवेशाच्या वेळी कागदोपत्री मान्य झाले होते आणि कारखान्याच्या फाटकाशी ते पुन्हा अमान्य झाले, असा त्याचा अर्थ होईल. पाच वर्षांची उमेदवारी केलेल्या स्थानिक कारागिराची जागा बाहेरच्या माणसाला सहजासहजी मिळत नसे. वर्णभेद किती सर्रास चालतो हे ‘पीईपी’ या संशोधन संस्थेने १९६७च्या अहवालात प्रत्यक्ष चाचण्या घेऊन दाखवून दिले आणि १९६८च्या कायद्याने नोकरी व घर यांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला. त्याच वर्षी वीजठेकेदारीच्या धंद्यात मालक आणि कामगार संघटना यांचे संयुक्त मंडळ, म्हणजे ‘जेआयबी’, सुरू झाले आणि इलेक्ट्रिशियन, अप्रूव्हड इलेक्ट्रिशियन, टेक्निशियन अशा श्रेणी व त्यांचे वेतनदर ठरले. कारखाना सोडून दादा ठेकेदाराकडे गेले ते सत्तरच्या दशकात. श्रेणीचे कार्ड मिळाले की मजुरी फोरमनच्या मर्जीवर न राहता कार्डावर ठरते, हे त्यामागचे कारण असू शकेल. त्यांच्या कागदांत जेआयबीचे कार्ड, ‘सिटी अँड गिल्ड्स’ या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र किंवा संघटनेच्या वर्गणीचे पुस्तक असेल, तर ते मीटरांपेक्षा आधी सुरक्षित ठेवा. अनेक ब्रिटिश कामगार संघटनांचे जुने दप्तर वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहे. लेस्टरहून ते दूर नाही.

राहिली बीसी-२२१ आणि ती वही. आईसाहेब म्हणतात ते ‘वेड’ इथे आहे, आणि ते कसले होते हे आता बरेच नेमके सांगता येते. बीसी-२२१ हा दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याचा फ्रिक्वेन्सी मीटर. १२५ किलोहर्ट्झपासून २० मेगाहर्ट्झपर्यंतची फ्रिक्वेन्सी तो कानाने मोजू देतो. पेटीत एक स्थिर ऑसिलेटर (सिग्नल निर्माण करणारे मंडल) असतो आणि तो पडताळण्यासाठी एक १,००० किलोहर्ट्झचा क्रिस्टल. हेडफोन कानाला लावून डायल सावकाश फिरवला की मोजायचा सिग्नल आणि पेटीतला सिग्नल एकमेकांत मिसळून आधी बारीक शीळ ऐकू येते. ती उतरत-उतरत घरघर होते, मग नुसती फडफड, मग काहीच नाही, आणि डायल पुढे गेला की तेच सारे उलट्या क्रमाने चढत जाते. दोन्ही फ्रिक्वेन्सी जुळल्या ते ठिकाण म्हणजे मधली शांतता. तिथे डायलचा आकडा, त्याच्या दहाव्या भागापर्यंत, वाचायचा आणि पुस्तकात त्या आकड्यासमोरची फ्रिक्वेन्सी पाहायची. हे पुस्तक छापील प्रतींतले एक नसते. प्रत्येक पेटी कारखान्यात स्वतंत्रपणे मोजून तिचे स्वतःचे तक्ते बनवलेले असत आणि पेटीवरचा क्रमांक पुस्तकावरही असे. आपल्या पेटीचा आणि पुस्तकाचा क्रमांक एकच आहे ना, हे आजच पाहा.

आता ‘२०० ड्रॉ.’ म्हणजे ड्रॉइटविच. बीबीसीच्या तिथल्या लाँगवेव्ह केंद्राची फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ होती आणि ती इतकी काटेकोर राखली जाई की हौशी लोकच नव्हे, तर व्यावसायिकही तिच्यावर उपकरणे जुळवून घेत. २००ची पाचपट १,०००, म्हणजे पेटीतल्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी. म्हणून याच जागी क्रिस्टलवर जुळवलेली पेटी आणि ड्रॉइटविच यांची गाठ घालून देता येते. आधी क्रिस्टलवर पेटी जुळवायची, मग रेडिओवर ड्रॉइटविच लावून तीच जागा पुन्हा ऐकायची. दोन्हीत फरक आला, तर क्रिस्टल वयोमानाने सरकला असे समजायचे. त्या पट्ट्यात डायलचा एक भाग साधारण २५ ते ३० हर्ट्झचा असतो, तेव्हा ‘पाव भाग खाली’ म्हणजे २,००,००० हर्ट्झमध्ये सहा-सात हर्ट्झची तफावत. एवढा फरक शिळेत ऐकू येत नाही. फडफड संपते कुठे, याकडे एकाग्रतेने कान देऊन बसावे लागते. रात्रपाळीच्या यंत्रांच्या खडखडाटातून आलेला माणूस ते करीत होता आणि वहीत मराठीत टिपून ठेवत होता.

‘ड्रॉ. आता १९८’ या ओळीने वहीचा काळही ठरतो. फेब्रुवारी १९८८मध्ये ते केंद्र २०० वरून १९८ किलोहर्ट्झवर गेले. त्याच्या आधीच्या ओळी त्या तारखेपूर्वीच्या, आणि त्यानंतरच्या थोड्या पानांत त्यांनी बहुधा ही पडताळणी सोडून दिली असेल, कारण १९८ला क्रिस्टलशी तसा सरळ मेळ बसत नाही. हा सगळा खटाटोप कशासाठी? आपण लिहिले नाही, पण घरात शॉर्टवेव्ह रेडिओ होता का ते आईसाहेबांना विचारा. त्या रेडिओंच्या डायलवर दोन स्टेशनांमध्ये केसाएवढे अंतर असे. हवी ती फ्रिक्वेन्सी बीसी-२२१ वर लावली की रेडिओचा काटा नेमका कुठे आणायचा ते कळते. आकाशवाणीची प्रक्षेपणे तिकडे ऐकणाऱ्यांना हा उपयोग मोठा होता. वहीत ९, ११ किंवा १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे आणि त्यांच्यापुढे वेळा असतील, तर माझा तर्क बरोबर समजावा.

विकण्याबद्दल माझे मत विचारले आहे म्हणून स्पष्ट सांगतो. सीटी १६० विकावे. ते एव्हो कंपनीनेच सैन्यासाठी बनवलेले उत्तम उपकरण आहे, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांचे शौकीन त्याला चांगली किंमत देतात, आणि वापरात राहिले तरच ते ठीक राहते. त्यावरची आकड्यांची चक्रे, ज्यांनी व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनेला कॅथोड, ग्रिड, अ‍ॅनोड अशी जागा नेमून दिली जाते, कुणालाही फिरवू देऊ नका. ती अडली असतील, तर तेल न घालता जाणकाराकडे सोपवा. भावाने थेट लिलावाच्या संकेतस्थळावर टाकण्याआधी ‘व्हीएमएआरएस’ (जुन्या व लष्करी रेडिओंच्या हौशी मंडळींची संस्था) किंवा ब्रिटिश व्हिंटेज वायरलेस सोसायटी यांच्या सभासदांकडून किंमत विचारावी. ‘एव्हो ८’ पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथे फार अपेक्षा नको. बीसी-२२१, तिचे पुस्तक, दादांचा पॉवर सप्लाय आणि वही मात्र एकमेकांपासून तोडू नका. घरात जागा नसेल, तर चारही एकत्र द्या. डॉर्सेटमधल्या ब्लँडफर्डचे रॉयल सिग्नल्स म्युझियम पेटीत रस घेईल, पण तशा पेट्या त्यांनी पाहिलेल्या असतील. स्थलांतरितांच्या आठवणी आणि कागद जमवणारे स्थानिक अभिलेखागार वहीचे अधिक स्वागत करील. देण्यापूर्वी वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या आणि मराठी ओळींचा अर्थ सोबत लिहून द्या, नाहीतर तिथे ती वाचणारे कुणी असेलच असे नाही.

प्रश्न : मी पुण्याच्या जुन्या बाजारातून अशीच बीसी-२२१ घेतली, पण तिच्यासोबत पुस्तक नाही. दुसऱ्या पेटीच्या पुस्तकाची प्रत मिळाली तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. दुसऱ्या पेटीचे पुस्तक फार तर डायलचा कोणता भाग कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास येतो एवढे सांगेल; अचूकपणासाठी ज्या पेटीचा लौकिक आहे, तो अचूकपणा त्यात उरत नाही. त्याऐवजी हल्ली स्वस्तात मिळणारा डिजिटल फ्रिक्वेन्सी काउंटर ऑसिलेटरला जोडून तक्ता स्वतः बनवा. खालच्या पट्ट्यात मूळ ऑसिलेटर १२५ ते २५० आणि वरच्या पट्ट्यात २,००० ते ४,००० किलोहर्ट्झ चालतो. बाकीची मोजणी त्यांच्या पटींवर होते, म्हणून तक्ता एवढ्या दोनच पट्ट्यांचा लागतो. पेटी गरम होऊन स्थिरावल्यावर दर शंभर भागांना नोंद घेतली आणि मधले आकडे गणिताने भरले, तर उत्तम काम होते. काउंटर हाती असल्यावर पेटीची गरज काय, असे कुणी विचारले तर ते खरेच आहे.

मूळ पेटी सहा ‘बीए-२’ बॅटऱ्यांच्या १३५ व्होल्टवर आणि फिलामेंटसाठी ६ व्होल्टवर चाले. मुख्य वाहिनीवरून देण्याचा सप्लाय बनवाल, तेव्हा त्यात ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे आणि पेटीला अर्थिंग पाहिजे.

प्रश्न : माझ्या मामांचे ‘एव्हो ८’ माझ्याकडे आहे. व्होल्ट बरोबर दाखवते, पण ओहमच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात काटा शून्यावर येत नाही. मीटर बिघडले आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा नाही. व्होल्ट आणि अँपिअर मोजायला या मीटरला बॅटरी लागतच नाही. ओहमच्या खालच्या पट्ट्यांना १.५ व्होल्टचा सेल लागतो आणि सर्वांत वरच्या पट्ट्याला १५ व्होल्टची वेगळी लहान बॅटरी. ती संपली असणार. आधी मागचे झाकण काढून पाहा. कोकणच्या हवेत जुनी बॅटरी पाझरली असेल, तर पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर आला असेल. तो कोरड्या ब्रशने काढून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच नवी बॅटरी घाला. १५ व्होल्टची बॅटरी दुकानात मागितली तर दुकानदार चक्रावतो, पण ऑनलाइन मिळते. मापात बसणारे छोटे १२ आणि ३ व्होल्टचे सेल एकापुढे एक जोडूनही काम भागते.

प्रश्न : मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे आणि माझ्याकडे तारतंत्रीचा परवाना आहे. ब्रिटनमध्ये काम करण्याचा विचार आहे. पूर्वीच्या लोकांसारखे मलाही मदतनीस म्हणून सुरुवात करावी लागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. दलालाचा शब्द प्रमाण मानू नये. कामापुरते सांगायचे तर, ठेकेदारीतल्या पूर्ण इलेक्ट्रिशियनच्या ‘ईसीएस’ कार्डासाठी, म्हणजे वीजकामाच्या पात्रतेच्या ओळखपत्रासाठी, आज तिसऱ्या पातळीची पात्रता, ‘एएम२’ ही प्रत्यक्ष कामाची परीक्षा आणि ‘बीएस ७६७१’ या वायरिंग नियमांचे ज्ञान लागते. या नियमांची अठरावी आवृत्ती २०१८ची आहे आणि तिच्यात पुढे सुधारणाही झाल्या आहेत. भारतीय प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे धरले जाते याचे पत्र ‘यूके एनिक’ या परदेशी पात्रता पडताळणाऱ्या संस्थेकडून मिळते. ते हाती नसेल, तर मदतनीस म्हणूनच उभे केले जाण्याचा संभव आजही आहे.

इथे असतानाच एक गोष्ट मनावर बिंबवून घ्या. वरील पत्रातल्या वडिलांना तिथे आपल्याच रंगांच्या तारा भेटल्या. आपल्याला त्या भेटणार नाहीत. ब्रिटनने १ एप्रिल २००६पासून नव्या वायरिंगला युरोपीय रंग सक्तीचे केले. आपल्या सवयीचे तीन फेज लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रल काळा. तिथे तीन फेज तपकिरी, काळा, करडा आणि न्यूट्रल निळा. म्हणजे आपण ज्या काळ्या तारेला न्यूट्रल समजून हात घालाल, तिच्यात फेज असू शकतो, आणि निळी, जी आपल्याला फेज, ती तिथे न्यूट्रल. त्यातून जुन्या इमारतीत एकाच बोर्डात दोन्ही पद्धतींच्या तारा आढळतात. रंग पाहून काही ठरवू नका. पुरवठा बंद करून, दाब खरोखर नाही हे टेस्टरने तपासल्यावरच, आणि तो टेस्टर आधी व नंतर चालू तारेवर पारखून घेतल्यावरच, तारेला हात लावा.